गाळाचं गणित मांडताना

लोणावळा

चि. मुक्तास,

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात तुला मुंबई बंदरातल्या गाळाच्या मॉडेलवर काम मिळाल्याचं ताईकडून कळलं. आनंद झाला. १९१६ पासूनची संस्था आहे. तिथल्या जुन्या माणसांना प्रश्न विचारायला लाजू नकोस.

पडद्यावर तांबडी-पिवळी चित्रं सरकू लागली की माणूस हुरळतो. भरतीची पातळी मॉडेल बऱ्यापैकी नेमकी सांगतं, पण गाळ इतका सरळ नाही. कण किती वेगाने खाली बसतो आणि तळाचा चिखल पाण्याच्या किती ओढीला सुटतो, हे आकडे आपणच भरायचे असतात. त्यांचे कान पिळले की मॉडेल हवं ते कबूल करतं!

दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा सुटा कण १० मीटर स्थिर पाण्यात तळाला जायला महिनाभर घेईल. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मात्र असे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते काही तासांत बसतात. खाचरातली चिमूटभर माती दोन बाटल्यांत ढवळ, एकीत मीठ घाल आणि बघत बस. पण बाटलीतला वेग मॉडेलला देऊ नकोस. ओहोटीच्या जोरात हे पुंजके फुटतात, पाणी संथावलं की पुन्हा जुळतात. नमुना प्रयोगशाळेत नेईपर्यंतही ते मोडतात. बसण्याचा वेग बोटीवरच, पाणी काढल्या काढल्या मोजायचा. कंटाळवाणं काम आहे, तेच आधी माग.

आपल्या मावळाकडेही लक्ष असू दे. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून पाताळगंगेत उतरतं. एरवी ते इंद्रायणी-भीमेवाटे बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. पाणी घाटाखाली गेलं, तरी त्यातला बराच गाळ तलावातच राहतो. म्हणून नदीला पाणी जास्त म्हणजे गाळही त्याच हिशेबाने जास्त, असं धरलंस तर पाताळगंगा तुझ्या बंदराकडे येते त्या धरमतर खाडीच्या बाजूने तुझं गणित फसेल.

आणखी एक. मोजमापं हातात आली की त्यांचे दोन वाटे कर. एकावर मॉडेल जुळव, दुसरा कपाटात ठेव आणि जुळवणी संपेपर्यंत उघडू नकोस. साहेब घाई करतील, तरीही. पहिला वाटा उन्हाळ्यातला असेल तर दुसरा पावसाळ्यातला हवाच. जूननंतर बाहेरच्या लाटा तळ ढवळतात, तेव्हा मार्चचे आकडे कामाला येत नाहीत.

मामीचे आशीर्वाद. बोटीवर जाशील तेव्हा उलटीची गोळी आधी घे.

तुझा,
मामा