वाहनचालकाची अनुज्ञप्ती : निलंबन, रद्दीकरण आणि पुनःप्राप्ती

डिचोली तालुक्यातील कारापूर हा गाव वाळवंटी नदीच्या परिसरात वसलेला असून विठ्ठलापूरचे देवालय व तेथील त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव यांमुळे तो सर्वपरिचित आहे. परंतु या भागाच्या नित्य जीवनात नदीपेक्षा रस्त्याचे स्थान मोठे आहे. खनिजवाहू ट्रकांवर येथील कित्येक कुटुंबांचा संसार उभा राहिला. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले. उभा राहिलेला ट्रक विकता येतो. चालकाजवळ मात्र आपल्या कौशल्याखेरीज दुसरे भांडवल नसते, आणि त्या कौशल्याला कायद्याची मान्यता देणारा एकच कागद म्हणजे त्याची अनुज्ञप्ती होय. बस असो, टॅक्सी असो वा मोटारसायकल पायलटाचा व्यवसाय असो, या कागदावाचून कोणतेही काम मिळत नाही. म्हणूनच अनुज्ञप्ती काढून घेतली गेल्यास काय करावे व काय करू नये, याची माहिती प्रत्येक चालकास असणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण

कारापूरचा एक ट्रकचालक सुटीच्या दिवशी स्कूटरवरून साखळीच्या बाजाराला निघाला आहे, अशी कल्पना करावी. अंतर थोडे, म्हणून शिरस्त्राण घरीच राहिले आहे. वाटेत पोलीस अधिकारी त्याला थांबवितात, अनुज्ञप्ती ताब्यात घेतात व पोचपावती देतात. दंड भरला की प्रकरण मिटले, अशी त्याची समजूत होते, आणि दुसऱ्या दिवशी खिशात पावती घालून तो ट्रकवर जातो. येथेच त्याची पहिली व सर्वांत महाग चूक घडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०६ अन्वये काही ठरावीक अपराधांच्या बाबतीत अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन ती अनुज्ञप्ती देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे पाठविता येते. अतिवेग, धोकादायक चालन, मद्यपान करून चालन, रस्त्यावरील शर्यत, असुरक्षित वाहन, दुचाकीवर दोहोंहून अधिक माणसे, शिरस्त्राण न घालणे आणि रुग्णवाहिकेसारख्या आपत्कालीन वाहनास वाट न देणे, हे ते अपराध होत. मिळालेली पोचपावती ही केवळ कागद ताब्यात घेतल्याची खूण असते. अनुज्ञप्ती परत मिळेपर्यंत त्या पावतीवर वाहन चालविता येत नाही, असे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे.

तीन शब्दांतील भेद

निलंबन, अनर्हता आणि रद्दीकरण हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात त्यांचे परिणाम वेगळे आहेत. निलंबित अनुज्ञप्ती ठरावीक काळापुरती निष्प्रभ होते. अनर्हतेच्या आदेशाने त्या व्यक्तीस त्या काळात कोणतीही नवी अनुज्ञप्तीसुद्धा मिळविता येत नाही. रद्द झालेली अनुज्ञप्ती मात्र मुदत लोटली म्हणून पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून हाती आलेल्या आदेशात यांपैकी कोणता शब्द आहे, आदेश कोणत्या कलमाखाली आहे आणि मुदत कोणत्या तारखेस संपते, या तीन गोष्टी प्रथम वाचून घ्याव्यात. ज्यास वाचता येत नसेल त्याने गावातील शिक्षकाकडून अथवा पंचायत कार्यालयातून त्या समजावून घ्याव्यात.

सुनावणीचे महत्त्व

कलम १९ अन्वये प्राधिकाऱ्याने आदेश देण्यापूर्वी चालकास आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि आदेशाची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पोलिसांकडून आलेल्या प्रकरणात सुनावणीनंतर प्राधिकारी चालकास दोषमुक्त करून अनुज्ञप्ती परत देऊ शकतो. अन्यथा पहिल्या अपराधास ३ महिन्यांची अनर्हता आणि दुसऱ्या वा त्यापुढील अपराधास रद्दीकरण, असे परिणाम संभवतात. डिचोलीत वाहतूक खात्याचे कार्यालय आहे. तेथून आलेली नोटीस न उघडता फळीवर ठेवणे म्हणजे आपल्या विरुद्धचा आदेश स्वतःच मंजूर करण्यासारखे आहे.

सुनावणीस जाताना नोटीस, पावती व घटनेसंबंधीची कागदपत्रे बरोबर न्यावीत. घडलेली चूक नाकारण्यापेक्षा ती मान्य करून परिस्थिती सांगणे पुष्कळदा अधिक हितकारक ठरते. आणखी एक मुद्दा बहुतेकांस ठाऊक नसतो. अनर्हतेचा आदेश अनुज्ञप्तीत नमूद असलेल्या सर्व वर्गांच्या वाहनांसाठी देता येतो, तसाच काही वर्गांपुरताही देता येतो. वरील उदाहरणातील चालकाचा अपराध स्कूटरवर घडला आहे, आणि त्याची उपजीविका मात्र जड वाहनावर आहे. आदेश दुचाकीपुरता मर्यादित ठेवावा, अशी विनंती तो कारणांसह लेखी करू शकतो. ती मान्य होईलच असे नाही, परंतु जी मागणी केलीच नाही तिचा विचार होण्याची शक्यताच उरत नाही.

अपील आणि अनर्हता दूर करण्याचा अर्ज

प्राधिकाऱ्याचा आदेश अन्यायकारक वाटल्यास तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत विहित अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. म्हणून आदेश हाती आल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. अनर्हतेचा आदेश न्यायालयाने दिलेला असेल, तर त्यावरील अपील वरिष्ठ न्यायालयात करावे लागते. केवळ अपील दाखल केल्याने तो आदेश थांबत नाही, त्यासाठी अपील न्यायालयाचा तसा निर्देश लागतो. कोणतेही अपील प्रलंबित आहे एवढ्यावरून वाहन चालविण्याची मुभा मिळाली, असे समजू नये.

दीर्घ मुदतीच्या अनर्हतेसाठी कलम २३ मध्ये आणखी एक मार्ग आहे. आदेशाच्या तारखेपासून ६ महिने लोटल्यावर, ज्याने आदेश दिला त्याच न्यायालयाकडे वा प्राधिकाऱ्याकडे अनर्हता दूर करण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला गेल्यास दुसरा अर्ज ३ महिन्यांपूर्वी विचारात घेतला जात नाही. ३ महिन्यांच्या आदेशास हा मार्ग उपयोगाचा नाही, हे उघडच आहे.

अनुज्ञप्ती परत मिळविताना

मुदत संपली की अनुज्ञप्ती आपोआप घरी येते, ही दुसरी गैरसमजूत होय. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, प्राधिकाऱ्याने अनर्ह ठरविलेल्या चालकाने उजळणी प्रशिक्षणक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच अनुज्ञप्ती परत द्यावयाची असते. धोकादायक चालनाने मृत्यू वा गंभीर दुखापत घडविल्याबद्दल न्यायालयाने अनुज्ञप्ती निलंबित केली असेल, तर नियम अधिक कडक आहे. मुदत संपल्यावर चालकाने स्वतः अर्ज केला पाहिजे, चालन-क्षमतेची चाचणी नव्याने उत्तीर्ण केली पाहिजे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केले पाहिजे. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या व्यक्तीची अनुज्ञप्ती न्यायालयाने रद्दच करावी, असे कलम २२ सांगते.

अनुज्ञप्ती रद्द झाली आणि अपिलातही यश आले नाही, तर कायद्याचा अडसर नसेल तेव्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागते. प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती, मग चाचणी. परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती मिळण्यासाठी हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान १ वर्ष धारण केलेली असणे आवश्यक असते. वीस वर्षे ट्रक चालविलेल्या माणसावरही अशा रीतीने नवशिक्याच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येऊ शकते.

टाळावयाच्या वाटा

काही जण दुसऱ्या जिल्ह्यातून वा राज्यातून नवी अनुज्ञप्ती काढण्याचा सल्ला देतात. अनर्हतेच्या काळात मिळविलेली अशी अनुज्ञप्ती कायद्याने निष्प्रभ असते. १ ऑक्टोबर २०२० पासून अनर्ह वा रद्द ठरविलेल्या अनुज्ञप्तींची नोंद कालक्रमानुसार संगणकीय प्रणालीत ठेवण्याची तरतूद असल्याने ती फार काळ लपतही नाही. अनर्ह असताना वाहन चालविणाऱ्यास कलम १८२ अन्वये ३ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा चालकाच्या हाती जाणूनबुजून वाहन देणारा मालकही अपराधी ठरतो.

याहून मोठा धोका अपघाताचा आहे. चालक अनर्ह असणे हा विमा कंपनीस कायद्याने दिलेल्या बचावांपैकी एक आहे. मालकाने अटीचा भंग हेतुतः वा निष्काळजीपणाने केल्याचे सिद्ध झाल्यास, विमा कंपनीने पीडितास दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंग प्रकरणात स्पष्ट केले. तीन महिन्यांची मजुरी वाचविण्याच्या प्रयत्नात ट्रक व घर दोन्ही गमावण्याचा हा प्रसंग होय.

उपसंहार

कारापूरच्या रस्त्यावरून ट्रक जातात, तशीच शाळेला निघालेली मुले आणि बाजाराला निघालेल्या वृद्ध स्त्रियाही जातात. अनुज्ञप्ती काढून घेण्याची तरतूद त्यांच्या रक्षणासाठी आहे, आणि सुनावणी, अपील व पुनःप्राप्तीच्या तरतुदी चालकाच्या रक्षणासाठी आहेत. उदाहरणातील चालकाने पावती मिळताच वाहन चालविणे थांबविले असते, मालकास खरी हकीकत सांगितली असती, सुनावणीस हजर राहून आपली विनंती लेखी मांडली असती आणि प्रशिक्षण वेळेवर पूर्ण केले असते, तर फार तर तीन महिन्यांनी तो पुन्हा सन्मानाने चाकावर बसला असता. कायद्याने घातलेली बंदी पाळणारा चालक आपली अनुज्ञप्ती परत मिळवितो; ती मोडणाऱ्यास मात्र तिच्याबरोबर लोकांचा विश्वासही गमवावा लागतो.