देवावर भिस्त म्हणजे काय?

विद्यार्थिनी : सर, आमच्या मोपा गावात मोठं काम काढलं की आधी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ख्रिस्ती लोक म्हणतात, भिस्त स्वतःवर ठेवू नये, देवावर ठेवावी. हे गाऱ्हाण्याहून वेगळं आहे का?

सर : नम्रता दोन्हीकडे सारखीच. ख्रिस्ती शिकवणीचा भर मात्र निराळ्या ठिकाणी आहे. कामाला यश दे, एवढं मागून ती थांबत नाही. चांगलं वागायची इच्छा आणि बळसुद्धा देवाकडूनच येतं, असं ती मानते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाच्या उपदेशकाने मांडलं की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो. संत ऑगस्टीनने ते खोडून काढलं आणि 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचं मत नाकारलं.

विद्यार्थिनी : मग माणसाने हातावर हात ठेवून बसायचं?

सर : याचं उत्तर आपल्या गोव्याच्याच माणसाच्या आयुष्यात आहे. जुझे वाझ, जन्म 1651, बाणावलीचा. श्रीलंकेत डचांची सत्ता आली तशी कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी झाली. तिथल्या कॅथलिकांना वर्षानुवर्षं ना मिस्सा, ना बाप्तिस्मा द्यायला कुणी. हे कळल्यावर 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. पाठीशी कुठलं राज्य नाही, गाठीला पैसा नाही, आणि पोचताच आजारपण. बरे झाल्यावर गळ्यात मोठी जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत फिरले. माळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, यावरून घर कॅथलिक आहे का, याचा ते अंदाज घेत.

विद्यार्थिनी : पण ही तर त्यांची स्वतःची हुशारी झाली!

सर : झालीच. तमिळही ते शिकले. देवावर भिस्त ठेवणारा अक्कल गहाण टाकत नाही. आपल्या अकलेनेच सगळं तडीस जाईल, हा हट्ट तेवढा तो सोडतो. 1692 मध्ये ते श्रीलंकेतल्याच कँडीला पोचले, तेव्हा पोर्तुगीज हेर समजून तिथल्या राजाने त्यांना कैद केलं. सगळा बेत कोलमडला. त्यांनी कैदेतच सिंहली शिकायला घेतली आणि आवारात प्रार्थनेसाठी झोपडी उभारली. पुढे 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक घरच्या रोग्यांना टाकून पळाले, वाझ मात्र तिथेच राहून रोग्यांची सेवा करत राहिले. मला तरी भिस्तीचा याहून चोख पुरावा माहीत नाही.

विद्यार्थिनी : एकट्या माणसाचं ठीक. संस्था चालवायला पैसा लागतो, त्याचं काय?

सर : पंडिता रमाबाईंपुढे हाच प्रश्न होता. 1889 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शारदा सदन या संस्थेला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत देऊ केली होती. ती मुदत संपत आली आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. तरी रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी केवळ प्रार्थनेच्या आधारावर अनाथाश्रम चालवले होते, त्याचा रमाबाईंच्या मनावर मोठा ठसा होता. पण केडगावच्या आपल्या आश्रमात त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींना हाताला काम शिकवलं. बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

विद्यार्थिनी : म्हणजे कष्ट तेवढेच. मग फरक पडतो कुठे?

सर : हात टेकायची वेळ येते तिथे. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच प्रेषित पौल सांगतो की आशिया प्रांतात जगण्याचीही आशा उरली नव्हती, आणि त्यातूनच तो स्वतःवर विसंबायचं सोडून देवावर विसंबायला शिकला. स्वतःवर विसंबणारा अशा वेळी एकतर खचतो, नाहीतर दुसऱ्याला दोष देतो.

विद्यार्थिनी : काहीजण औषध सोडतात, अभ्यास सोडतात आणि देवावर सोडलं म्हणतात.

सर : तो आळस आहे, किंवा भीती. वाझ किंवा रमाबाई यांच्या नावाने त्याचं समर्थन करता येणार नाही. वाझ 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच वारले, गोव्याला परतले नाहीत. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संत घोषित केलं.