वाचवणाऱ्याचे मन

मुलांनो, महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर रायगड जिल्हा वसला आहे. किहीम, अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असे एकाहून एक रमणीय किनारे या जिल्ह्यास लाभले आहेत. सुटीच्या दिवशी तेथे माणसांची दाटी होते. मुले वाळूत किल्ले रचतात, थोर माणसे पाण्यात पाय बुडवून उभी राहतात. अशा गर्दीत कोठे कोठे एक मनुष्य निराळाच उठून दिसतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि जवळ दोर व तरंगते कडे असते. सर्वांचे लक्ष खेळाकडे असते, याचे मात्र पाण्याकडे. हा जीवरक्षक होय.

समुद्र दिसतो तितका भोळा नसतो. ओहोटी लागली म्हणजे पाणी माघारी ओढू लागते आणि पोहता येणारा माणूसही पाहता पाहता दूर जातो. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा असाच अंत झाला. त्या वेळी गावकरी मदतीस धावले, तटरक्षक दल व नौदलही शोधकार्यात उतरले. त्यापूर्वी १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी त्या दिवशी आपल्या होड्यांत अनेकांना ओढून घेतले. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांच्या गस्तीनौकेने तातडीने धाव घेतली आणि ८८ जणांचे प्राण वाचले.

अशा प्रसंगी किती बुडाले व किती वाचले याची मोजदाद होते. परंतु ज्याने पाण्यात उडी घेतली, त्याच्या मनाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारतो काय?

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. रविवारची दुपार आहे. तीन तरुण ओहोटीच्या ओढीत सापडले आहेत. जीवरक्षक शिट्टी फुंकून पाण्यात झेपावतो. एकास तो काठास आणतो, पुन्हा जाऊन दुसऱ्यासही आणतो. तिसऱ्याचा हात त्याच्या हाती येतो, पण इतक्यात मोठी लाट येते आणि तो हात निसटतो. सायंकाळी तिसऱ्याचे प्रेत किनाऱ्यास लागते.

दोन घरांचे दिवे त्याने त्या दिवशी विझू दिले नाहीत. परंतु काठावरचे कोणी म्हणते, “पट्टीचा पोहणारा ना तू? मग तिसरा कसा राहिला?” तो उत्तर देत नाही. रात्री डोळा लागताच तो निसटता हात त्याला दिसतो व तो दचकून उठतो. त्याला अन्न गोड लागत नाही. कोणी शिट्टी वाजवली की छाती धडधडू लागते. ज्या समुद्राच्या अंगाखांद्यावर तो वाढला, त्याकडे पाहवत नाही. घरच्यांस वाटते, हा रागावला आहे. मित्रांस वाटते, हा भित्रा झाला.

हे दोन्ही समज चुकीचे आहेत. संकटसमयी आपल्या शरीरात ॲड्रेनलिन नावाचा द्रव स्रवतो. त्यामुळे हृदय वेगाने चालते, बळ वाढते आणि पाहिलेले दृश्य मनावर खोल कोरले जाते. संकट टळते, पण मन काही काळ पहारा सोडीत नाही. जखम झाल्यावर जसे रक्त येते, तशीच ही मनाची वेदना होय. तिचा भित्रेपणाशी काही संबंध नाही.

ही गोष्ट जगाला उशिरा उमगली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले अनेक सैनिक थरथर कापत, काहींची वाचाच बंद होई. चार्ल्स मायर्स या डॉक्टराने १९१५ साली अशा सैनिकांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तरीही त्यांतील कित्येकांवर भ्याडपणाचा शिक्का बसला. पुढे १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकारास आपल्या ग्रंथात स्वतंत्र स्थान दिले. हा विकार केवळ सैनिकांस होतो असे नाही. अग्निशामक दलाचा जवान, रुग्णवाहिकेचा चालक, जीवरक्षक अशा कोणासही तो होऊ शकतो.

मग अशा माणसास आधार कसा द्यावा? आपल्या कथेतील जीवरक्षकाकडे एक वृद्ध तांडेल येतो आणि ओटीवर त्याच्याशेजारी मुकाट्याने बसतो. बऱ्याच वेळाने जीवरक्षक म्हणतो, “तात्या, माझ्या हातातून सुटला तो.”

तांडेल म्हणतो, “सुटला खरा. तो विसर, असे मी म्हणत नाही. पण लाटेने केले ते तू केलेस, असे मात्र समजू नकोस. चल, दोन घास खा. उद्या सकाळी मी पुन्हा येईन.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखरच येतो.

या वृद्धाने कोणतेही शास्त्र वाचले नव्हते, तरी त्याचे वागणे शास्त्राला धरूनच होते. दुर्घटना घडताच जीवरक्षकास किनाऱ्यावरून बाजूस न्यावे, कोरडे कपडे व गरम चहा द्यावा आणि त्याच्या जागी दुसऱ्यास उभे करावे. त्याला एकटे सोडू नये. तो बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. न बोलल्यास खोदून विचारू नये. घडलेली हकीकत एकाच बैठकीत वदवून घेण्याची रीत पूर्वी होती, परंतु ती उपयोगी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. दुःख बुडवण्यासाठी दारूचा पेला पुढे करणारा मित्र हा मित्र नव्हे, कारण दारूने झोप बिघडते व दुःख तळाशी तसेच राहते. काही दिवसांनी सोबत्यासह किनाऱ्यावर थोडे फिरावे, आणि मन स्थिरावल्यावरच पुन्हा कामावर रुजू व्हावे.

बहुतेकांचे मन काही आठवड्यांत सावरते. महिना लोटूनही झोप येत नसेल व तेच दृश्य छळत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे आहे. जीव नकोसा वाटू लागला, तर एक दिवसही थांबू नये. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि त्यास मूल्य पडत नाही.

ज्या संस्था जीवरक्षकास नेमतात, त्यांचेही काही कर्तव्य आहे. दोर आणि कडे देऊन ते संपत नाही. दुर्घटनेनंतरची रजा, बदली माणूस आणि डॉक्टरांचा सल्ला यांची तजवीज आधीच हवी, कारण वादळ उठल्यावर होडी बांधावयास घेऊन चालत नाही.

मुलांनो, तुम्ही किनाऱ्यावर जाल तेव्हा जीवरक्षकाची शिट्टी ऐकताच पाण्याबाहेर या. त्याचे काम हलके करण्याचा हा पहिला मार्ग होय. आणि एखादे दिवशी तो वाळूवर एकटाच बसलेला दिसला, तर “कसा बुडाला?” असे विचारू नका. “काका, पाणी आणू का?” एवढेच विचारा. बुडत्यास हात देणारा श्रेष्ठ खराच. पण त्या थकलेल्या हातास आपला हात देणे, हे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकास साधण्यासारखे आहे.

स्वाध्याय

१. जीवरक्षकाच्या मनाची वेदना म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे लेखकाने कसे पटवून दिले आहे?
२. वृद्ध तांडेलाने “विसर” असे का म्हटले नसावे?
३. ‘वादळ उठल्यावर होडी बांधावयास घेऊन चालत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात संकटसमयी धावून जाणाऱ्या एका व्यक्तीस भेटा व तिच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.