सायकलच्या चाकातील छर्रे : घर्षणाच्या पाठासाठी एक साधन

शाळातपासणीच्या वेळी 'घर्षण म्हणजे काय?' असे विचारले असता उच्च प्राथमिक वर्गातील मुले व्याख्या बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु 'तुझी सायकल जड का चालते?' असे त्यांपैकीच एखाद्यास विचारले, तर तो गप्प राहतो. वाडीवरून रोज चार-पाच किलोमीटर सायकल रेटीत येणाऱ्या मुलास या प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे, आणि ते त्याच्याच सायकलच्या पुढच्या चाकात आहे.

प्रारंभ बैलगाडीपासून करावा. गाडीच्या चाकाचा तुंबा आखावर घासत फिरतो, म्हणूनच त्यास वंगण द्यावे लागते. आरंभीच्या सायकलींची रचनाही अशीच होती. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने आस व हब यांच्यामध्ये पोलादी छर्रे बसविण्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआं ही सुमारे १२३ किलोमीटरांची शर्यत जेम्स मूर याने जिंकली, ती असे छर्रे बसविलेल्या सायकलीवर. घासण्याच्या जागी घरंगळणे आले, एवढाच काय तो फरक. परंतु तो केवढा मोठा!

या शोधाच्या पुढील वाटचालीत रोलर स्केट, म्हणजे बुटाखाली बांधावयाची चाके, यांचाही वाटा आहे. अमेरिकेतील जेम्स प्लिम्टन याने १८६३ मध्ये शरीर कलवून वळता येईल असे चारचाकी स्केट तयार केले व त्या खेळाची लाट युरोपात पसरली. स्केटचे चाक फार लहान. त्याचा व्यास ६ सेंटिमीटर व सायकलच्या चाकाचा सुमारे ७२ सेंटिमीटर धरल्यास, सायकलच्या एका फेऱ्यात स्केटच्या चाकास किती फेरे घ्यावे लागतील, हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे. उत्तर १२ येते. इतक्या वेगाने फिरणारी आस झिजणार हे उघड आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे विल्यम बाऊन याने १८७६ मध्ये स्केटच्या चाकांचे पेटंट घेतले. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जोसेफ हेन्री ह्यूज याने १८७७ मध्ये सैल वा घट्ट करता येईल अशी छर्र्यांची बैठक योजिली. आपल्या साध्या सायकलीतील 'कोन' फिरवून आपण हेच करतो. पुढे १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने एकसारखे गोल छर्रे घासून काढणारे यंत्र बनविले आणि छर्रे विपुल होऊ लागले. ही नावे व सने पाठ करून घेऊ नयेत. ती शिक्षकाच्या माहितीसाठी आहेत.

आता प्रयोग. जमिनीवर पाट ठेवून त्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवावा व एका बोटाने ढकलावयास सांगावे. मग पाटाखाली सारख्या आकाराच्या गोट्या घालून पुन्हा ढकलावयास सांगावे. पाटावर मूल बसवू नये, गोट्या निसटतात.

त्यानंतर एक जुनी सायकल घ्यावी. पुढचे चाक काढून परातीवर धरावे, नाहीतर छर्रे उडून कोपऱ्यात जातात व शोधण्यातच तासिका संपते. कोन उलगडून प्रत्येक बाजूचे छर्रे मुलांस मोजावयास लावावे. बहुधा दहा भरतात. ते फडक्याने पुसून कोनावर खड्डे पडले आहेत काय, हे बोटाने चाचपू द्यावे. खड्डे असतील तर कोन बदलावा लागेल. एखादा छर्रा झिजला असल्यास त्या बाजूचे सर्वच नवे घालावेत, कारण लहानमोठे छर्रे एकत्र असले की सारा भार मोठ्यांवर पडतो.

वाटीत ग्रीस भरून छर्रे बसवावेत व कोन आवळावा. फार आवळल्यास चाक अडते, सैल राहिल्यास आडवे हलते. योग्य बसले की नाही याची परीक्षा सोपी आहे. चाक सायकलीस लावून अधांतरी धरावे, व्हॉल्व्ह बाजूस येईल असे थांबवावे आणि हळूच सोडावे. व्हॉल्व्हच्या अल्पशा वजनाने चाक आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली आला, तर काम बरोबर झाले. न आल्यास कोन किंचित सैल करून मुलांकडूनच पुन्हा पाहून घ्यावे.