पहारेकऱ्याचाही हिशेब घ्या

दुकानाची खाती, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांची उधारी आता पुष्कळ ठिकाणी लिनक्स सर्व्हरवर असते. अशा सर्व्हरवर पहारा ठेवणारे 'फाल्को' हे मोफत साधन सिसडिग कंपनीने २०१६ मध्ये आणले. संशयास्पद हालचाल दिसली की ते इशारा देते. मात्र इशारा आला नाही म्हणजे चोर आलाच नाही, असे समजू नये. पहारेकऱ्याला डुलकी लागली असेल तरीही शांतताच असते. म्हणून फाल्कोचे स्वतःचे आकडे, म्हणजे 'मेट्रिक्स', चालू करून घ्यावेत.

'ईटीसी' फोल्डरातील 'फाल्को' या फोल्डरात 'फाल्को डॉट यामल' ही फाईल असते. तीत 'मेट्रिक्स' हा भाग शोधावा. (फाईलमधील शब्द रोमन लिपीतच ठेवावेत; येथे फक्त उच्चार दिले आहेत. ओळीच्या आधीची मोकळी जागा स्पेसनेच सोडावी, टॅब वापरू नये.)

१) 'एनेबल्ड' मूळचे 'फॉल्स' असते, ते 'ट्रू' करावे.

२) 'इंटरव्हल' म्हणजे किती वेळाने आकडे द्यायचे. मूळचा एक तास लहान व्यवसायाला पुरेसा आहे.

३) 'आउटपुट रूल' 'ट्रू' ठेवल्यास आकडे नेहमीच्या इशाऱ्यांच्या वाटेनेच येतात. त्यांची पातळी 'इन्फो' असते. वर 'प्रायॉरिटी' त्यापेक्षा कडक, उदाहरणार्थ 'वॉर्निंग', असेल तर आकडे येणारच नाहीत. पुष्कळांचे घोडे इथेच अडते.

४) 'आउटपुट फाईल' दिल्यास आकडे एका फाईलमध्ये साठत जातात. फाल्को ती फाईल आपोआप बदलत नाही. जुना मजकूर वेळच्या वेळी काढला नाही तर डिस्क भरून सर्व्हरच अडेल.

५) 'कर्नल इव्हेंट काउंटर्स एनेबल्ड' 'ट्रू' ठेवावे. आपला मुख्य आकडा यातच आहे.

आता हिशेब. 'एन ड्रॉप्स' म्हणजे फाल्कोला न दिसता निसटलेल्या घटना. हा आकडा एकूण बेरजेचा असतो, तासाचा नसतो. फाल्को बंद करून पुन्हा सुरू केले की तो शून्यापासून चालतो. समजा, दुपारी दोन वाजता तो ४०० होता आणि तीन वाजता १,९०० झाला. त्या तासात १,५०० घटना निसटल्या. त्याच तासात एकूण घटना ३,००,००० वाढल्या असतील तर हे प्रमाण शेकडा अर्धा झाले. एखादी चोरी त्या १,५०० मध्येही असू शकते.

आकडा दर तासाला वाढत असेल तर 'बफ साईज प्रीसेट' ४ वरून ५ करावे. प्रत्येक बफर ८ मेगाबाइटचा १६ मेगाबाइट होईल. मेमरी जास्त लागेल, तेवढी शिल्लक आहे ना हे आधी पाहावे.

'प्रॉमिथियस' वापरणाऱ्यांनी 'वेबसर्व्हर' भागातील 'प्रॉमिथियस मेट्रिक्स एनेबल्ड' 'ट्रू' करावे. मात्र वरचे 'एनेबल्ड' 'ट्रू' नसेल तर त्याचा उपयोग नाही. त्याचे पोर्ट मूळचे ८७६५ असते, ते इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

रात्री गल्ला मोजतो तसा हा एक आकडाही रोज वहीत टिपावा. आठ दिवसांत आपल्या सर्व्हरची नेहमीची चाल कळेल, आणि वेगळे काही घडले तर ते लगेच नजरेत भरेल.