उत्तर कमांड : उधमपूरपासून सेक्शनपर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, नकाशा काढा आणि जम्मूच्या ईशान्येला उधमपूर शोधा. भारतीय लष्कराच्या उत्तर कमांडचं मुख्यालय इथे आहे. लष्कराच्या एकूण ७ कमांड आहेत. त्यातल्या दक्षिण कमांडचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. उत्तर कमांडकडे जम्मू-काश्मीर आणि लडाख, म्हणजे पाकिस्तानकडची नियंत्रण रेषा आणि चीनकडची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, दोन्ही आल्या.

एवढा पसारा एकटा अधिकारी कसा सांभाळणार? म्हणून उतरंड असते. कमांडखाली कोअर, मग डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन, कंपनी, प्लाटून आणि शेवटी साधारण १० जवानांचा सेक्शन. कमांड आणि कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल, डिव्हिजनचा मेजर जनरल, ब्रिगेडचा ब्रिगेडियर आणि बटालियनचा कर्नल.

नगरोट्याची १६ वी कोअर जम्मूकडचा भाग बघते, श्रीनगरची १५ वी काश्मीर खोरं, तर लेहची १४ वी लडाख. पण १९९९ पर्यंत ही १४ वी कोअर नव्हतीच बरं का! खोरं आणि लडाख, दोन्ही १५ व्या कोअरकडेच होतं. मध्ये झोजिला खिंड, तीही हिवाळ्यात बर्फाने बंद. त्या वर्षी कारगिलच्या शिखरांवर घुसखोर येऊन बसले. ती परत घेताना ५०० हून अधिक जवान शहीद झाले. जुलैत युद्ध संपलं आणि सप्टेंबरमध्ये १४ वी कोअर उभी राहिली.

म्हणून ही नावं नुसती पाठ करू नका. वहीत लिहा : लडाखला वेगळी कोअर का लागली? उत्तर नकाशातच आहे.