शेअरबाजारातून दुकानदारीकडे

मुलांनो, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची दुकाने तुम्ही पाहिली असतील. ज्याचे दुकान स्वतःच्याच ओसरीवर असते, त्याला जागेचे भाडे मोजावे लागत नाही. म्हणून दोन पैसे कमी घेणे त्याला परवडते. हीच साधी गोष्ट मुंबईच्या एका गृहस्थांनी फार मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. त्यांचे नाव राधाकिशन दमाणी.

दमाणी प्रथम बॉल-बेअरिंगचा व्यापार करीत. वडिलांच्या निधनानंतर ते शेअरबाजारात आले. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा हिस्सा. १९९२ च्या आरंभी हर्षद मेहता यांच्या खरेदीने शेअरांचे भाव गगनाला भिडले होते. हे भाव टिकणार नाहीत, असे जाणून दमाणींनी आज विकून पुढे स्वस्तात घेण्याचे सौदे केले. पण भाव चढतच राहिले! आणखी काही दिवस तसेच जाते, तर त्यांचे दिवाळे निघण्याची पाळी आली असती. इतक्यात एप्रिलमध्ये, बँकांचा पैसा या खरेदीत कसा ओतला गेला, हे सुचेता दलाल यांनी वृत्तपत्रातून उघडकीस आणले आणि भाव कोसळले. दमाणी तरले. त्यांचा अंदाज खरा होता. तरी तो खरा ठरेपर्यंत तग धरणे किती कठीण, हेही त्यांना कळले असावे.

चंद्रकांत संपत यांची रीत निराळी होती. कंपनीचा धंदा नीट पारखावा, शेअर स्वस्त असताना घ्यावा आणि तो वर्षानुवर्षे जपावा. संपतांना मानणाऱ्या दमाणींनी हीच रीत धरली, व तिच्यातून अमाप धन मिळविले.

मग त्यांना दुकानदारीची ओढ लागली. प्रथम नेरूळ येथे 'अपना बाजार' या सहकारी संस्थेच्या नावाचे दुकान त्यांनी चालवून पाहिले. २००२ मध्ये पवईला पहिले 'डी-मार्ट' उघडले. जागा शक्यतो विकत घ्यावयाची, भाड्याने नाही. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करावयाचे. रोख लवकर हाती येते म्हणून व्यापारी भाव उतरवून देतो, आणि तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. दुकानात झगमगाट मुळीच नाही. स्वतः दमाणीही सदैव साध्या पांढऱ्या कपड्यांत वावरतात. जागा विकत घेण्यात फार पैसा अडकतो; त्यामुळे दुकाने वाढली ती सावकाश. मार्च २०१७ मध्ये कंपनीचे शेअर २९९ रुपयांना लोकांना देण्यात आले, आणि बाजारात पहिल्याच दिवशी त्यांचा भाव दुपटीहून वर गेला.

कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र ही स्पर्धा जड जाते. त्याच्यापाशी एकच गोष्ट अशी आहे, जी डी-मार्टमध्ये मिळत नाही : पगार होईपर्यंत थांबणारी उधारीची वही.